पाटावर आईला बसू द्या

गोव्यातील देवस्थान समित्या, महाजन मंडळी, पुरोहितवर्ग आणि मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक यांस,

सादर नमस्कार.

आवळ्याची फांदी, चिंचेचे आकडे आणि उसाचे कांडे ठेवून वृंदावनात तुळशीचे लग्न लागले, की आपल्याकडे माणसांच्या लग्नांना सुरुवात होते. देवळांची सभागृहे भरतात आणि भटजींना एका दिवसात दोन-दोन मांडव गाठावे लागतात. लग्नाची यादी करणे, पत्रिकेचा मजकूर लिहून देणे, सभागृहाच्या अर्जापासून बांगड्या भरणाऱ्या काकणकारापर्यंत सगळे जुळवणे आणि ऐन विधीच्या वेळी भटजींच्या हाताशी साहित्य पुरवणे हे आमचे काम. वडील हजर नसलेल्या मुलीच्या लग्नात काय चुकते आणि ते कुठल्या क्षणी चुकते, हे आम्हाला जवळून दिसते. ते दरवर्षी तसेच चुकते. त्याबद्दल आपल्याशी खाजगीत बोलून झाले आहे, म्हणून आता उघड लिहितो आहोत.

वडील हजर नसण्याचे प्रकार अनेक, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी. कुणाचे वडील वारलेले असतात. कुणाचे बोटीवर असतात. गोव्यात तारवटींची घरे हजारोंनी आहेत, आखातात नोकरीला गेलेल्यांचीही. कुणाचे अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले किंवा विस्मरणाने स्वतःची मुलगीही न ओळखणारे. कुणी संसार टाकून निघून गेलेला. आणि काही मुलींच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नावच नसते. या सगळ्यांना आपल्याकडे उत्तर एकच ठरलेले आहे: कन्यादानाच्या पाटावर ‘काका-काकीक बसयात’, म्हणजे काका-काकीला बसवा. मुलीला वाढवणारी आई मग खांबाआड उभी राहते, नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात.

आमची पहिली आणि मुख्य तक्रार याच पाटाबद्दल आहे.

पत्नी वारलेला बाप मुलीचे कन्यादान करतो तेव्हा त्याला कुणी उठवत नाही. तो कनवटीला सुपारी लावतो, ती पत्नीच्या जागी मानली जाते आणि संकल्प पुढे सरकतो. रामायणाच्या उत्तरकांडात रामाने सीतेची सोन्याची प्रतिमा शेजारी ठेवून यज्ञ केला, हा दाखला भटजी स्वतःच देतात. जोडीदार हजर नसेल तर त्याच्या जागी प्रतीक ठेवता येते, हे आपण मान्यच केलेले आहे. मग नवरा वारलेल्या बाईला तीच सुपारी का चालू नये? हा प्रश्न आम्ही अनेकांना विचारला. उत्तरादाखल मिळाले ते एवढेच, की ‘आपल्यात तशी पद्धत नाही’.

पद्धत नाही हे मान्य. शास्त्रात नाही, हे मात्र मान्य नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात कन्यादानाचा अधिकार कुणाला, याची यादीच दिली आहे: पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा । कन्याप्रदः पूर्वनाशे प्रकृतिस्थः परः परः ॥ बाप, आजोबा, भाऊ, कुळातला आप्त आणि आई. आधीचा नसेल तर पुढचा, अट एवढीच की तो भानावर असावा. आई यादीत शेवटी आहे हे आम्ही लपवत नाही. पण ती यादीत आहे, आणि तिच्यावर नवरा हयात असण्याची अट घातलेली नाही. काकीचे नाव मात्र त्या यादीत कुठेही नाही. लगेच पुढच्या श्लोकात म्हटले आहे, की देणारे कुणीच नसेल तर मुलीने योग्य वर स्वतः निवडावा. आजच्या घरात आजोबा बहुधा नसतात, भाऊ असला तर तो शिकत असतो, आणि कुळातला आप्त म्हणजे ज्याला पत्रिका द्यायला पहिल्यांदाच फोन करावा लागतो असा माणूस. अशा घरात क्रम आपोआप आईपाशी येतो.

दुसरा आक्षेप असतो तो नांदीश्राद्धाचा, म्हणजे मंगलकार्याआधी पितरांसाठी करायच्या विधीचा. देवकार्यात पुण्याहवाचन आणि मातृकापूजनाबरोबर नांदीश्राद्ध येते, ते बाई कसे करणार, असे विचारतात. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये लिहिलेला धर्मसिंधु बहुतेक भटजींच्या घरी असतो. आई कन्यादान करणार असेल किंवा मुलगी स्वयंवर करणार असेल, तर तिने मुख्य संकल्प स्वतः करावा आणि बाकीचे कर्म ब्राह्मणाकडून करवून घ्यावे, असा मार्ग त्यात सांगितलेला आहे. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कर्मठ शास्त्र्यालाही ही अडचण ठाऊक होती आणि त्याने आईला उठवून ती सोडवली नाही.

आता प्रत्यक्ष मांडवात काय करावे लागते ते सांगतो, कारण ‘सगळेच बदलावे लागेल’ ही भीती खरी नाही.

कन्यादानाच्या वेळी खाली काशाचे पात्र असते. वराच्या हातावर वधूचा हात, त्यावर दात्याचा हात, आणि दात्याची पत्नी झारीने पाण्याची बारीक अखंड धार सोडते. आई एकटी असेल तर तिचे दोन्ही हात वधूवरांच्या हातांशी गुंतलेले, म्हणून धार सोडायला आणखी एक माणूस लागतो. अडचण खरी आहे ती एवढीच. मावशी, आत्या, धाकटा भाऊ किंवा वधूची मैत्रीणही ती धार सोडू शकते. फक्त तो माणूस आदल्या दिवशी ठरलेला हवा, झारी भरून त्याच्या उजव्या हाताला ठेवलेली हवी आणि धार तुटू न देता किती वेळ धरायची हे त्याला सांगितलेले हवे. हे ठरलेले नसले की भटजी ‘पाणी, पाणी’ म्हणतात, चार जणी पुढे होतात, त्यांतली एक म्हणते ‘अगे, तू नको’, आणि ते शब्द ज्या बाईला लागायचे तिला सगळ्यांदेखत लागतात.

मंत्रात बदल किती? संकल्पातला ‘सपत्नीकोऽहम्’ हा शब्द गाळायचा. नावापुढचे ‘शर्मा अहम्’ जाऊन तिथे ‘नाम्नी अहम्’ येईल. ‘करिष्ये’ आणि ‘तुभ्यमहं संप्रददे’ ही क्रियापदे प्रथमपुरुषी आहेत, ती पुरुषाच्या तोंडी आणि बाईच्या तोंडी सारखीच. आईने मंत्र म्हणावेत की नाही हा वाद कुणी काढला, तर एक पाहावे: बहुतेक मांडवांत वधूपिताही मंत्र म्हणत नाही. भटजी म्हणतात, तो ‘मम’ म्हणून पळीभर पाणी ताम्हनात सोडतो. तेवढे आईलाही येते.

आणि ज्यासाठी आम्ही हा पाट मागतो आहोत ते वाक्य याच विधीत आहे. दाता वराला सांगतो, धर्मात, अर्थात आणि कामात हिचे उल्लंघन करू नकोस. आणि वर तीनदा म्हणतो, ‘नातिचरामि’. हे वचन घेण्याचा अधिकार कुणाचा असावा? रात्रीच्या तापात मुलीच्या उशाशी जागलेल्या बाईचा, की त्या दिवसापुरते शेला पांघरून बसवलेल्या दीराचा? जिचा बाप संसार टाकून गेला तिच्या लग्नात तर काही घरे ‘जनरीत’ म्हणून त्यालाच शोधून आणतात. ज्याने हे वचन स्वतः मोडले त्यानेच ते जावयाकडून वदवून घ्यायचे, असा प्रसंग त्या मुलीवर येतो. तिने त्याला बोलवावे की नाही हा तिचा प्रश्न. ती मायेने बोलवत असेल तर आमचे काहीच म्हणणे नाही. पण पाटावर कोण बसणार हे तिला विचारल्याशिवाय ठरता कामा नये.

दुसरी तक्रार वेळेची. हा प्रश्न यादीच्या बैठकीत निघायला हवा, तिथे भटजी मुहूर्त, देवक, होमाचे साहित्य आणि दक्षिणा ठरवतात. ‘कन्यादान कोण करणार?’ हे तिथे विचारले जात नाही, वडील असतील असे धरून चालतात. मग मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, माळा घातल्या जातात आणि भटजी हाक मारतात, ‘मुलीचे आईवडील पुढे या’. त्या हाकेनंतरची दोन मिनिटे आम्ही फार वेळा पाहिली आहेत. घाईत ज्याला बसवतात त्याला घरातल्या तीन पिढ्यांची नावे ठाऊक नसतात, गोत्रोच्चार अडतो, आणि प्रपौत्री-पौत्री-पुत्री म्हणताना चुकीच्या आजोबांचे नाव घेतले जाते.

यावर उपाय म्हणजे एक कागद. दोन्ही बाजूंचे गोत्र, पणजोबा, आजोबा, वडील आणि त्याखाली आई, अशी नावे ठळक अक्षरांत लिहून तो आठ दिवस आधी भटजींकडे द्यायचा. सोडून गेलेल्या बापाचे नाव उच्चारायचे की नाही, हे मुलीने त्या कागदावरच सांगावे. काहींना ते वंशाची नोंद म्हणून चालते, काहींना घशाखाली उतरत नाही. दोन्हींचा मान राखावा. वडिलांचे नावच ठाऊक नसेल तर आईच्या माहेरचे गोत्र आणि आईच्या वडिलांची परंपरा घ्यावी, अशी आमची विनंती आहे. गोत्रच माहीत नसेल तेव्हा काश्यप गोत्र घ्यावे ही वाट तर भटजींना पूर्वीपासून ठाऊक आहे.

बापाच्या नावाशिवाय वाढलेली माणसे गोव्याला नवी नाहीत. देवळांच्या सेवेतल्या कलावंत घरांतल्या कित्येक पिढ्यांनी यजमानाचे, म्हणजे आश्रयदात्या बापाचे, नाव लावले नाही, आईच्या घरात त्या वाढल्या आणि गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवले. मंगेशीवरून मंगेशकर, केरीवरून केरकर, कुर्डीवरून कुर्डीकर. मास्टर दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई ही नावे उच्चारताना आपण हात जोडतो. ज्या देवळांच्या दीपमाळेखाली ते सूर घडले, त्याच देवळांच्या सभागृहात आज ‘वडिलांचे नाव?’ या रकान्यापाशी एखाद्या मुलीचा पेन थांबावा, हे आम्हाला सहन होत नाही.

तिसरी तक्रार चुड्याची, हळदीची आणि ओटीची. काकणकार घरी येतो, वधूच्या हातात हिरवा चुडा भरतो, भोवती सवाष्णी बसतात. वधूच्या आईचा नवरा वारलेला असेल तर ती त्या खोलीत येत नाही. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हणत नाही, हे खरे. पण ‘ये’ असेही कुणी म्हणत नाही. हळद लावताना पाच सवाष्णी मोजल्या जातात. इथे भटजींचा थेट संबंध नसतो, तरीही सांगतो आहोत, कारण बायका शेवटी भटजींच्या तोंडाकडे पाहतात. त्यांनी एकदा मोठ्याने म्हटले की ‘पहिली हळद आईची’, तर पुढे कुणी आडवे येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. तो ठराव एका लहान गावाचा होता. आपली देवस्थाने गावापेक्षा मोठी आहेत.

वरपक्षाकडेही हेच होते. मुलाची आई एकटी असली की झालीची टोपली, म्हणजे ऐरणीदान, तिच्या डोक्यावर न ठेवता जावेच्या डोक्यावर ठेवतात आणि सूनमुख पाहायला आरशापुढे दुसरीलाच बसवतात. ज्या घरात सून जाणार त्या घराची मालकीण कोण, हे तिला पहिल्याच दिवशी चुकीचे सांगितले जाते.

पत्रिकेबद्दल थोडक्यात. छापखान्यात जुना साचा तयार असतो: ‘कै. अमुक यांची कन्या’, निमंत्रक काका, आणि आईचे नाव एक तर नाही, नाहीतर ‘गं. भा.’ लावून तिसऱ्या ओळीत. आम्ही मजकूर असा देतो: ‘श्रीमती अमुक व कै. अमुक यांची ज्येष्ठ कन्या’, निमंत्रक आई. वडील सोडून गेले असतील तर ‘श्रीमती अमुक यांची कन्या’, एवढेच पुरते. काही घरांना भीती असते, की बापाचे नाव पत्रिकेवर घातले नाही तर मुलीचा वाटा जाईल. ही भीती निराधार आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच सक्तीचे वारस आहेत आणि अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते. ती बापालाही मर्जीने दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. पत्रिकेतल्या ओळीशी त्याचा काही संबंध नाही.

आता समित्यांच्या आणि व्यवस्थापकांच्या अखत्यारीतली गोष्ट. सभागृहाच्या अर्जात काही ठिकाणी ‘वधूच्या वडिलांचे नाव व सही’ एवढीच जागा असते. आई अर्ज घेऊन गेली की कारकून म्हणतो, कुणीतरी पुरुष माणूस आणा. महाजनांना, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांना, सवलतीचा दर असेल तिथे ती आणखी अडते, कारण महाजनकी बापाकडून मुलाकडे चालत येते आणि नोंदवहीत तिचे नाव नसते. नवरा महाजन होता तोवर ती सवलतीत बसत होती, नवरा गेला की ती दिराच्या सहीची मिंधी. देवस्थानांची नियमावली १९३३ सालची, पोर्तुगीज अमदानीतली. ती बदलणे सरकारचे आणि विधानसभेचे काम आहे हे आम्ही जाणतो. अर्जातला एक रकाना बदलायला मात्र विधानसभा लागत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे ठरवले आहे. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एकट्या किंवा अविवाहित आईने मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला तर तिच्याकडून प्रतिज्ञापत्रापलीकडे काही मागू नये. आईच्या एकटीच्या नावावर मुलगी परदेशात जाऊ शकते. त्याच नावावर तिला देवळाचे सभागृह मिळायला हवे.

कायद्याचे आणखी थोडे, कारण ‘वडिलांशिवाय लग्न कायदेशीर होईल का?’ असे आम्हाला खरोखर विचारतात. गोव्यात लग्न मांडवाआधी नोंदणी कार्यालयात होते. पहिल्या सहीने इरादा जाहीर करायचा, मुदत जाऊ द्यायची, मग साक्षीदारांसमोर दुसरी सही. १९१० चा विवाह कायदा लग्नाला दोन व्यक्तींमधला करार मानतो. त्यात कन्यादान हा शब्द नाही. हिंदू विवाह कायदा गोव्यात लागू नाही, पण तो लागू आहे तिथेही चित्र वेगळे नाही: अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या कायद्याच्या सातव्या कलमाचा आधार घेऊन कन्यादान हा आवश्यक विधी नसल्याचे म्हटले. मनुस्मृतीही आठव्या अध्यायात विवाहाची पूर्तता सातव्या पावलावर सांगते, आणि ती सात पावले वधूवर स्वतः चालतात. म्हणून ज्या मुलीला कन्यादानच नको असेल, केवळ पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी हवी असेल, तिचेही लग्न पूर्ण लागते. तिला उद्धट ठरवू नका.

इथे गोव्यापुरती एक गोष्ट फार बोचते. १८६७ च्या नागरी संहितेपासून आपल्याकडे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि अर्धी बायकोच्या मालकीची असते. ती तिला नवरा मेल्यावर वारसा म्हणून मिळत नाही, ती पहिल्यापासून तिचीच असते. म्हणजे मांडवाचा खर्च, दागिने, जेवणावळ यांत निदान अर्धा पैसा आईचा. देशात इतरत्र बायकांना जे मागावे लागते ते गोव्याच्या बाईला कायद्याने कधीच दिले आहे. कायद्याने अर्ध्या घराची मालकीण असलेल्या या बाईला तिच्याच पैशाने घातलेल्या मांडवात एका पाटाची जागा मिळत नाही.

बोटीवर असलेल्या वडिलांची गोष्ट निराळी. तिथे माया आहे, येण्याची इच्छा आहे, पण करार संपत नाही, बदली माणूस वेळेवर चढत नाही किंवा बोट बंदरात लागत नाही. म्हणून मुहूर्त त्यांच्या उतरण्यावर टांगून ठेवू नये. कर्ती म्हणून आईला बसवावे, संकल्पात वडिलांचे नाव घेऊन त्यांच्या संमतीने कर्म होत असल्याचे म्हणावे. व्हिडिओ कॉलवर विधी करण्याचा आग्रह काही घरे धरतात, त्यात नेहमी तेच बिघडते. समुद्रावरच्या जोडणीत आवाज उशिरा पोचतो, भटजी पुढच्या मंत्रावर गेलेले असतात आणि मागून ‘मम’ ऐकू येते. सनई-चौघड्याच्या आवाजात फोनवरचे काही ऐकू जात नाही. फोन धरणारा भाचा फोटोग्राफरच्या आड येतो आणि नेमक्या कन्यादानाला रेंज जाते. आमची पद्धत अशी: वडिलांचा दोन मिनिटांचा आशीर्वाद आठवडाभर आधी ध्वनिमुद्रित करून घ्यायचा आणि अंतरपाट धरण्यापूर्वी ऐकवायचा. कॉल फक्त पाहण्यासाठी ठेवायचा, फोन तिवईवर, वडिलांकडचा आवाज बंद, आणि तिथे एकच माणूस नेमायचा ज्याला दुसरे काम नाही. सप्तपदी झाल्यावर वधूवरांनी फोनपुढे वाकून नमस्कार करावा, तेव्हा आवाज सुरू करावा. बोटीवर त्या वेळी पहाट असेल की मध्यरात्र, हे आधी विचारून घ्यावे.

‘परंपरा मोडेल’ असे आपल्यातले काही म्हणतील. त्यांना आदराने विचारतो: चार दिवसांचे लग्न आपण एका दिवसात आणले, चौथ्या दिवसाचे चतुर्थीकर्म त्याच दुपारी उरकू लागलो, तेव्हा ती मोडली का? लाजाहोमाला सख्खा भाऊ नसला तर चुलत, मावस, नाहीतर शेजारचा मुलगा लाह्या घालतो आणि कानपिळीचा मान घेतो. कुणी हरकत घेत नाही. मुलीला गौरीहरापासून मांडवात मामा आणतो. मामा म्हणजे आईचे रक्त. त्याचा मान आपण इतका राखतो, की तो पोचला नाही तर मुहूर्ताची घटका टळेल म्हणून जीव खालीवर होतो. त्याचीच बहीण मात्र खांबाआड. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत वधूला वेदीपर्यंत बापाने नेण्याची रीत आहे, पण चर्चच्या विवाहविधीत मुलगी ‘देण्याचा’ मंत्रच नाही. आई घेऊन चालली तर पाद्री काही अडवत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि कुठल्याही समितीला एका बैठकीत मान्य करता येतील.

अर्जातला ‘वडिलांचे नाव व सही’ हा रकाना काढून ‘आई, वडील किंवा पालक’ असा करावा, आणि सज्ञान वधूची स्वतःची सही पुरेशी मानावी. मयत महाजनाच्या पत्नीला सवलतीचा दर तिच्या स्वतःच्या सहीवर द्यावा.

प्रत्येक सभागृहाच्या सूचनाफलकावर एक ओळ लावावी: कन्यादान आई, आजी-आजोबा, भाऊ, बहीण किंवा वधूने निवडलेली कोणतीही व्यक्ती करू शकते. ओळ मोठ्या अक्षरात हवी, कारण ती वाचायची गरज वधूपेक्षा तिच्या नातलगांना जास्त आहे.

पुरोहितांनी यादीच्या बैठकीतच, वधूला समोर बसवून विचारावे की पाटावर कोण बसणार, पाण्याची धार कोण सोडणार आणि गोत्रोच्चारात कुणाची नावे घ्यायची. मांडवात ‘मुलीचे आईवडील पुढे या’ अशी हाक न मारता दात्याला नावाने बोलवावे. ज्या भटजींना आईच्या हस्ते कन्यादान करवणे मनापासून पटत नसेल त्यांनी ते त्याच बैठकीत सांगावे, म्हणजे घराला दुसरे भटजी पाहता येतील. आम्ही त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. मांडवात नकार देणे मात्र थांबले पाहिजे.

आणि महाजनांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत, महाजनांच्या पत्नी आणि मुली यांची नावे नोंदवहीत घेण्याबाबत सरकारला शिफारस करणारा ठराव मांडावा. मंजूर होईल न होईल, निदान सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद होईल.

वर सांगितलेल्या नावांच्या कागदाचा नमुना आणि आईच्या नावाने करायच्या संकल्पाचा मजकूर आम्ही तयार ठेवला आहे. दोन्ही मिळून कागदाची एक बाजू भरते. जी समिती मागेल तिला प्रती आणून देऊ, ज्या भटजींना संकल्पात व्याकरणाची चूक दिसेल त्यांनी ती दुरुस्त करून द्यावी. यंदाच्या तुळशीच्या लग्नाआधी अर्ज बदलला, तर पहिल्या मुहूर्ताच्या मुली त्यावर सही करू शकतील.

कळावे,

फोंडा, डिचोली आणि पेडणे तालुक्यांत लग्नकार्याचे काम करणारे आम्ही काही जणी आणि काही जण